टोकन पाच कुणाकडे? एम्युलेटरमधल्या ॲटॉमिक लेखनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका लहान टीममध्ये घडलेलं हे प्रकरण आहे. कंपनी, ग्राहक आणि माणसं यांची नावं गाळली आहेत. आम्ही चौघं होतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-आराखड्याची, चार कोअरची चिप असलेला एक बोर्ड यायचा होता, आणि तो हातात पडेपर्यंत त्याच्यावरचं सॉफ्टवेअर निदान बूट होण्याइतकं तयार असावं असं ठरलं होतं. त्यासाठी त्या प्रोसेसरचा एम्युलेटर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली नक्कल, आम्हीच सी भाषेत लिहिला होता. क्यूईएमयू हा तयार, मुक्त एम्युलेटर का नाही वापरला, हे सगळेच विचारायचे. चिपवरची बरीच पेरिफेरल (प्रोसेसरला जोडलेली उपकरणं) खास त्या ग्राहकाची होती, त्यांची मॉडेलं आमच्या एम्युलेटरमध्ये बसवून झाली होती, आणि ग्राहकाचे लोक त्याच्यावर रोज काम करत होते. क्यूईएमयूचा कोड आम्ही वाचला मात्र भरपूर.

रिस्क-फाइव्हमध्ये इन्स्ट्रक्शनच्या एका स्वतंत्र प्रवाहाला हार्ट म्हणतात. हार्डवेअर थ्रेडचं ते आखूड रूप आहे. आमच्या पहिल्या आवृत्तीत एम्युलेटरचा एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा धागा) पाळीपाळीने चारही हार्ट चालवायचा: थोडा वेळ पहिला, थोडा वेळ दुसरा. या मांडणीत ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनची काळजीच नव्हती. ॲटॉमिक म्हणजे वाचणं, बदलणं आणि परत लिहिणं या तिन्हींच्या मध्ये दुसऱ्या कुणालाही शिरता न येणं. पाळी बदलायची ती दोन इन्स्ट्रक्शनच्या मधल्या फटीत, त्यामुळे प्रत्येक इन्स्ट्रक्शन आपोआपच अखंड पार पडायची.

वेग मात्र फार कमी होता. टेबलावरच्या मशीनमधले बाकीचे कोअर रिकामे बसायचे आणि एक कोअर चार हार्टांचं ओझं वाहायचा. क्यूईएमयूनेही वर्षानुवर्षं असंच एका थ्रेडवर चालवलं होतं. दर हार्टला वेगळा थ्रेड देणारी मांडणी तिथे २०१७ मध्ये, २.९ या आवृत्तीत आली. आम्हीही तेच करायचं ठरवलं. एका हार्टला एक थ्रेड, आणि चौघांची मेमरी एकच.

रिस्क-फाइव्हच्या ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनची दोन घराणी आहेत. एक एएमओ: एएमओॲड, एएमओस्वॉप, एएमओऑर, एएमओमॅक्स वगैरे. यात एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये जुनी किंमत वाचून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यात) येते आणि नवी किंमत मेमरीत जाते. दुसरं घराणं एलआर आणि एससी या जोडीचं. एलआर वाचतं आणि त्या पत्त्यावर राखण ठेवतं. मध्ये दुसऱ्या कुणी तिथे लिहिलं तर राखण मोडते आणि एससी लिहायला नकार देतं.

आमची पहिली रचना सरळ होती. २५६ म्युटेक्सचा एक तक्ता केला. पत्त्यावरून त्यातला एक निवडायचा, तो धरायचा, वाचायचं, बदलायचं, लिहायचं, सोडायचा. (पुढे गोंधळ नको म्हणून: एम्युलेटरच्या आतल्या कुलपाला मी म्युटेक्स म्हणतो आणि एम्युलेटरवर चालणाऱ्या लिनक्सच्या कुलपाला लॉक.) हा कोड मी लिहिला आणि आमच्या टीममधल्या मॅडमनी तपासला. आम्हा दोघांनाही त्यात खोट दिसली नाही.

चाचण्याही पास झाल्या. रिस्क-फाइव्हच्या नेहमीच्या चाचणी-संचातल्या एएमओच्या चाचण्या पार पडल्या; त्या एका हार्टवर उत्तर बरोबर येतं का एवढंच बघतात. मग आम्ही आमची मोजणीची चाचणी लावली. चार हार्टांनी एकाच आकड्यात प्रत्येकी १०,००,००० वेळा एक मिळवायचा. उत्तर दर वेळी ४०,००,०००. शेवटी रिस्क-फाइव्हच्या मॅन्युअलमध्ये लॉकचा जो नमुना दिला आहे तो चालवला. तोही रात्रभर चालला. आम्ही निश्चिंत झालो.

अडचण

ग्राहकाचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१० या आवृत्तीचा होता. तो बूट व्हायचा, चालायचा, आणि दोन-तीन दिवसांतून एकदा गोठायचा. चारही हार्ट जिवंत, शंभर टक्के कामात, आणि पुढे काहीच नाही. त्या सुमारास टायमर इंटरप्टच्या मॉडेलमध्ये एक दोष सापडला होता, म्हणून हाही त्याचाच भाऊ असेल असं आम्ही धरून चाललो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं ते झालं. टायमरच्या कोडमध्ये आमचे जवळपास तीन आठवडे गेले. त्या काळात टायमर सुधारला हे खरं, पण गोठणं जसंच्या तसं राहिलं.

मग ग्राहक ६.१ कर्नलवर गेला आणि चित्र पालटलं. आता एम्युलेटर बूट होतानाच गोठायला लागला, दहातून आठ-नऊ वेळा. ग्राहकाचा पहिला अंदाज होता की नव्या कर्नलच्या कॉन्फिगमध्ये काही चुकलं असावं. आमचाही तोच. तोच कर्नल एका थ्रेडच्या जुन्या मांडणीवर मात्र विनातक्रार बूट होत होता, आणि या एका गोष्टीने आमचं लक्ष अखेर योग्य जागी नेलं.

छापून बघावं म्हणून प्रिंटएफ टाकले तर गोठणं थांबायचं. वेळेचं गणित थोडं जरी हललं तरी दोष लपत होता. म्हणून प्रत्येक थ्रेडला स्वतःचा एक छोटा गोल बफर दिला. थ्रेडने शेवटच्या काही हजार इन्स्ट्रक्शनचे पत्ते त्यात नोंदवायचे, आणि गोठल्यावर सगळं एकदम बाहेर काढायचं. बाहेर आलं ते असं: चारही हार्ट एकाच स्पिनलॉकवर, म्हणजे मोकळा होईपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहायच्या लॉकवर, घिरट्या घालत होते.

त्या लॉकची रचना समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिनक्स ५.१९ मध्ये, म्हणजे २०२२ मध्ये, रिस्क-फाइव्हवर टिकिट लॉक आला, आणि ६.१ मध्येही तोच होता. तो अगदी दवाखान्यातल्या टोकनसारखा चालतो. ३२ बिटांचा एक वर्ड. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पुढचं द्यायचं टोकन, खालच्या अर्ध्या भागात आत चालू असलेला नंबर, म्हणजे दवाखान्याच्या दारावरची पाटी. लॉक हवा असणारा हार्ट एएमओॲडने वरच्या भागात एक मिळवतो आणि जुनी किंमत हे त्याचं टोकन होतं. मग पाटीवर आपला नंबर लागेपर्यंत तो थांबतो. काम झालं की आतला हार्ट खालच्या भागात आपल्यापुढचा नंबर लिहितो आणि निघून जातो.

आमच्या डंपमध्ये (आकडे सोयीसाठी लहान करून सांगतो) पुढचं टोकन होतं १०, आणि पाटीवर होता ५. चार हार्ट थांबले होते ६, ७, ८ आणि ९ घेऊन.

आमच्यातला सगळ्यात नवा मुलगा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, तो फळ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, टोकन पाच कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. चारही हार्ट बाहेरच थांबलेत."

"म्हणजे पाचवाला आत जाऊन बाहेर आलाय. जाताना त्याने पाटी बदललीच असणार. मग पाटीवर अजून पाच कसा?"

त्याने लॉक सोडण्याच्या फंक्शनचं असेंब्ली उघडलं. दोनच गोष्टी कामाच्या होत्या: एक फेन्स (मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम राखणारी इन्स्ट्रक्शन), आणि त्यामागे एसएच, म्हणजे १६ बिट लिहिणारी साधी स्टोअर इन्स्ट्रक्शन. ती एएमओ नाही. तो म्हणाला, "सर, हा एसएच आपला म्युटेक्स घेतच नाही."

त्या वाक्यानंतर सगळा क्रम पाच मिनिटांत फळ्यावर उभा राहिला. टोकन ५ वाला हार्ट आत आहे. वर्डमध्ये पुढचं टोकन ६, पाटी ५. दुसरा हार्ट लॉक मागायला येतो. त्याच्या एएमओॲडसाठी एम्युलेटर म्युटेक्स धरतो आणि वाचतो: ६ आणि ५. नेमक्या याच क्षणी पहिला हार्ट एसएच करून पाटीवर ६ लिहितो. दुसऱ्याच्या थ्रेडला याची खबर नाही. त्याच्या हातात जुना वाचलेला पूर्ण वर्ड आहे. त्यात तो एक मिळवतो आणि पूर्ण वर्ड परत लिहितो: ७ आणि ५. पाटीवरचा ६ पुसला गेला. पहिला हार्ट आपलं काम नीट करून गेला, दुसऱ्यानेही नियमाने टोकन घेतलं, आणि तरी आता कुणाचाच नंबर कधी लागणार नाही.

५.१० वर हे क्वचित का होत होतं, तेही उलगडलं. तिथला लॉक जुन्या पद्धतीचा होता: आधी साध्या लोडने (वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) लॉक मोकळा आहे का बघायचं, मोकळा दिसला तरच एएमओस्वॉपने १ लिहायचा. सोडताना साधा स्टोअर करून ०. म्हणजे आमचा दोष घडायला आधी लॉक मोकळा दिसायला हवा, मग आपला एएमओस्वॉप सुरू होण्याआधी तो दुसऱ्याने घ्यायला हवा, आणि त्याने तो सोडायचा क्षण नेमका आमच्या वाचणं-लिहिणं यांच्या मध्ये यायला हवा. इतकं सगळं जुळून यायला दोन-तीन दिवस लागायचे. टिकिट लॉकमध्ये प्रत्येक इच्छुक आल्या आल्या एएमओॲड करतो, लॉक कुणाकडे असो वा नसो. त्यामुळे टक्कर व्हायची संधी पावलोपावली.

आणि चाचण्या का पास झाल्या? मोजणीच्या चाचणीत फक्त एएमओॲड होते, सगळे म्युटेक्समधून जाणारे. मॅन्युअलमधला लॉकचा नमुना लॉक घ्यायलाही एएमओस्वॉप वापरतो आणि सोडायलाही एएमओस्वॉपच वापरतो. दोन्ही टोकं म्युटेक्सखाली. आमच्या एकाही चाचणीत एकाच पत्त्यावर एका बाजूने एएमओ आणि दुसऱ्या बाजूने साधा स्टोअर असा प्रसंग नव्हता.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथेच आहे. ॲटॉमिकपणा हा त्या एका इन्स्ट्रक्शनचा गुण आहे असं मी धरून चाललो होतो. तो खरं तर त्या पत्त्यावर लिहिणाऱ्या सगळ्यांमधला करार आहे. खऱ्या चिपमध्ये सहसा एएमओ चालू असताना ती कॅश लाइन (तो पत्ता असलेला मेमरीचा छोटा तुकडा) एका कोअरकडे असते आणि दुसऱ्याचा साधा स्टोअरसुद्धा ती मिळेपर्यंत थांबतो. आमच्या म्युटेक्सने कराराची एकच बाजू बांधली होती.

पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फळ्यावर चार पर्याय लिहिले.

पहिला, परत एका थ्रेडवर जायचं. बिनचूक, आणि कोड तयारच होता. ग्राहकाचा पूर्ण चाचणी-संच मात्र रात्रभरात संपला नसता. दुसरा, कुठल्याही एएमओच्या वेळी बाकीचे तिन्ही थ्रेड थांबवायचे, काम उरकायचं, परत सोडायचे. क्यूईएमयूमध्ये ही सोय आहे, पण ती अडीनडीला: होस्ट मशीनला (ज्याच्यावर एम्युलेटर चालतो त्याला) झेपणार नाही अशी ॲटॉमिक क्रिया आली तरच. लिनक्स लॉक इतक्या वेळा घेतं की दर वेळी तिघांना थांबवणं म्हणजे एका थ्रेडपेक्षाही हळू.

तिसरा पर्याय सगळ्यात मोहात पाडणारा होता: साध्या स्टोअरनेही म्युटेक्स घ्यावा. दहा ओळींचा बदल, आणि गोठणं त्याच दिवशी थांबलं असतं. मी याच बाजूचा होतो. ग्राहकाचे दिवसातून दोन फोन येत होते आणि मला ते थांबवायचे होते. मॅडमनी दोन गोष्टी पुढे केल्या. एक म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये दर थोड्या इन्स्ट्रक्शनमागे एक स्टोअर असतो; क्वचित येणाऱ्या एएमओसाठी प्रत्येक स्टोअरने किंमत मोजायची. दुसरी जास्त खोल होती. "आज साधा स्टोअर विसरलो," त्या म्हणाल्या, "उद्या मेमरीत लिहिणारं आणखी कोण निघेल? दर वेळी म्युटेक्स घ्यायला कोण आठवण करणार?" हा प्रश्न पुढे शब्दशः खरा ठरला.

चौथा पर्याय म्हणजे होस्टच्याच ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन वापरणं. गेस्टची, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या मशीनची, मेमरी शेवटी होस्टच्या मेमरीचाच एक तुकडा आहे. एएमओॲड आला की त्या पत्त्यावर होस्टचा ॲटॉमिक फेच-ॲड करायचा. मग अखंडपणाची हमी होस्टचं हार्डवेअर देतं, आणि साध्या स्टोअरला काही वेगळं करावं लागत नाही, कारण होस्टचा साधा स्टोअर त्या करारात आधीपासूनच आहे. क्यूईएमयूही हीच वाट धरतं. आम्ही चौथा पर्याय घेतला. तात्पुरता उपाय म्हणून ग्राहकाला एका थ्रेडची मांडणी चालू करून दिली, आणि वेग का घटेल हे फोनवर स्पष्ट सांगितलं. तसं केलं नसतं तर घाईत तिसरा पर्याय कोडमध्ये शिरला असता आणि मग तो निघाला नसता.

कृती

आमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये एक्स८६ प्रोसेसर होता. एक्स८६ वर एएमओस्वॉपला एक्सचेंज आणि एएमओॲडला लॉकवाला एक्सॲड थेट जुळतात. अँड, ऑर, एक्सऑर यांच्या ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन तिथे आहेत, पण त्या जुनी किंमत परत देत नाहीत, आणि आपल्याला ती हवी असते. त्यामुळे कंपायलर तिथे कम्पेअर-एक्सचेंजचा फेरा तयार करतो. मिनिमम-मॅक्सिममचे फेरे आम्ही हाताने लिहिले: वाच, नवी किंमत काढ, जुनी अजून तीच असेल तर बदल, नसेल तर पुन्हा वाच.

साध्या स्टोअरकडे मात्र नव्याने बघावं लागलं. आमचा कोड मेमकॉपीने लिहायचा, कारण मिसअलाइन, म्हणजे लिहायच्या आकाराच्या पटीत नसलेले, पत्तेही चालायला हवे होते. मेमकॉपी चार बाइट एका झटक्यात लिहील अशी हमी सी भाषा देत नाही. रिस्क-फाइव्हमध्ये अलाइन असलेला स्टोअर मात्र अख्खाच दिसला पाहिजे, अर्धा नाही. म्हणून पत्ता अलाइन असेल तर कंपायलरचा ॲटॉमिक स्टोअर, नसेल तर मेमकॉपी, अशी विभागणी केली. एक्स८६ वर या ॲटॉमिक स्टोअरचा शेवटी एक साधा मूव्हच होतो.

इथे एक खटकणारी गोष्ट होती आणि ती आम्ही समजून-उमजून स्वीकारली. एकाच वर्डवर कुणी ३२ बिटांनी आणि कुणी १६ बिटांनी ॲटॉमिक क्रिया करणं, हे सी भाषेच्या मेमरी मॉडेलमध्ये बसत नाही. एक्स८६ आणि आर्मच्या हार्डवेअरवर ते चालतं, आणि टिकिट लॉक त्याच्यावरच उभा आहे. ही मोकळीक कुठे घेतली आहे हे कोडमध्ये एका ठिकाणी ठळकपणे लिहून ठेवलं.

हे नव्याने लिहिताना जुन्या कोडमधला आणखी एक दोष सापडला. आम्ही एएमओ म्हणजे एक लोड आणि एक स्टोअर असं धरलं होतं, आणि लोड होताच निकाल रजिस्टरमध्ये टाकत होतो. फोर्क झाल्यानंतर (म्हणजे प्रोसेसची प्रत काढल्यानंतर) मेमरीचं पान फक्त वाचण्यापुरतं असतं. लोड पार पडतो आणि स्टोअरवर पेज फॉल्ट (परवानगी नसल्याची तक्रार) येतो. कर्नल पानाची प्रत करून तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालवायला लावतो. पण पत्त्याचं आणि निकालाचं रजिस्टर एकच असेल तर तोवर पत्ता पुसलेला असतो, आणि दुसरी फेरी भलत्याच जागी लिहिते. आता आधी लिहिण्याची परवानगी तपासतो, फॉल्ट आला तर तो स्टोअर/एएमओचाच, म्हणजे क्रमांक १५ चा देतो, आणि रजिस्टर सगळ्यात शेवटी बदलतो. मिसअलाइन एएमओला क्रमांक ६ चा अपवाद देतो. रिस्क-फाइव्ह तशी मुभा देतं. गेस्ट एक्स८६ असता तर ही सुटका नव्हती, कारण तिथे लॉक लावलेली क्रिया दोन कॅश लाइनवर पसरली तरी ती अखंड ठेवावी लागते.

एलआर आणि एससीचा निर्णय

या जोडीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. आर्म होस्टवर अशीच जोडी आहे, मग थेट तीच का वापरू नये? कारण गेस्टच्या एलआर आणि एससी यांच्या मध्ये एम्युलेटर स्वतःच शेकडो वेळा मेमरीला हात लावतो. होस्टची राखण तोवर मोडू शकते. म्हणून रूढ मार्ग असा: एलआरच्या वेळी पत्ता आणि वाचलेली किंमत लक्षात ठेवायची, आणि एससीच्या वेळी त्या किमतीशी कम्पेअर-एक्सचेंज करायचं.

यात एक भोक आहे. मधल्या वेळात दुसऱ्या हार्टने किंमत क ची ख केली आणि परत क केली, तर खरी चिप एससीला नकार देईल, कारण तिथे लिहिलं गेलं होतं. आमचा एम्युलेटर फक्त किंमत बघतो, ती तीच दिसते, आणि तो लिहून मोकळा होतो. याला एबीए म्हणतात. क्यूईएमयूही हे भोक ठेवूनच चालतं.

ते आपल्याला परवडेल का, हे तत्त्वावरून ठरवायचं नाही, गेस्टमध्ये प्रत्यक्ष काय चालतं ते बघून ठरवायचं, असा मॅडमचा आग्रह होता. सी भाषेत कम्पेअर-एक्सचेंज वापरून लिहिलेला कोड एबीए होऊ शकतो हे धरूनच लिहिलेला असतो. बहुतेक लिनक्स कर्नल या गटात येतं. धोका फक्त तिथे, जिथे कुणी असेंब्लीत एलआर-एससी हाताने लिहून राखण मोडण्यावर विसंबला आहे. आम्ही ग्राहकाकडून त्यांच्या बायनरी घेतल्या, त्यांतले सगळे एलआर शोधले आणि एकेक वाचला. दोन दिवस लागले. कर्नलच्या अपवादातून परतण्याच्या वाटेवर एक एससी भेटला, तो केवळ जुनी राखण मोडण्यासाठी होता. त्यामुळे आमचा एससी यशस्वी होवो वा न होवो, राखण दर वेळी पुसतो का, हे तपासून घेतलं. आणि ग्राहकाच्या छोट्या रिअल-टाइम ओएसमध्ये एक मेसेज पूल सापडला: मोकळ्या बफरची साखळी, डोक्यावरचा बफर एलआर-एससीने काढून घेणारी, कुठलाही आवृत्ती-क्रमांक नसलेली. खऱ्या चिपवर अगदी बरोबर, आमच्या एम्युलेटरवर एबीएचं नेमकं उदाहरण.

पानांना राखणीसाठी लिहिण्याची बंदी घालणं वगैरे उपाय चर्चेत आले. एका साखळीसाठी सगळ्यांना हळू करणं पटलं नाही. आम्ही एका थ्रेडची जुनी मांडणी काढून टाकली नाही. तिला काटेकोर मोड असं नाव दिलं, तिच्यात पत्त्यावर आधारलेली खरी राखण बसवली, आणि ती रिअल-टाइम ओएस कायम त्याच मोडमध्ये चालवायची असं ठरवलं. ग्राहकाला कारणासकट लेखी कळवलं.

दुसऱ्या मशीनवर

टेबलावरच्या एक्स८६ मशीनवर ६.१ बूट झाला, मोजणी बरोबर आली, आणि आठवडाभर काही गोठलं नाही. मग एका सहकाऱ्याने तोच कोड त्याच्या ॲपलच्या एम१ लॅपटॉपवर, म्हणजे आर्म प्रोसेसरवर, चालवला आणि गेस्ट कर्नलमध्ये याद्या बिघडायला लागल्या. गोठणं नाही, थेट घसरण.

कारण होतं फेन्स. एका थ्रेडच्या काळात फेन्स इन्स्ट्रक्शनला करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तिथे रिकामं फंक्शन होतं, आणि ते तसंच राहून गेलं होतं. एक्स८६ स्वतःच लिहिण्यांचा क्रम पाळतं, त्यामुळे आमची चूक तिथे बरीचशी झाकली गेली. आर्म तसं करत नाही. लॉक सोडताना फेन्स सांगतो की आधीचं सगळं लिहिणं दिसू दे, मगच पाटी बदल. फेन्स पोकळ असल्यामुळे पाटी आधी बदललेली दिसायची आणि आतलं काम नंतर.

एक्स८६ वरही आम्ही पूर्ण सुरक्षित नव्हतो. तिथे स्टोअर होऊन गेल्यावर येणारा दुसऱ्या पत्त्याचा लोड त्या स्टोअरच्या पुढे जाऊ शकतो, कारण स्टोअर काही काळ स्टोअर बफरमध्ये थांबतो. दोन हार्टांनी आपापला झेंडा लावून समोरच्याचा झेंडा बघायचा, या छोट्या चाचणीत दोघांनाही समोरचा झेंडा खाली दिसला. आता प्रत्येक फेन्सला होस्टचा पूर्ण फेन्स लावतो, आणि सगळ्या एएमओ सर्वांत कडक क्रमाने करतो, त्यांवर अक्वायर-रिलीजच्या खुणा असोत वा नसोत. काही ठिकाणी हे गरजेपेक्षा जास्त आहे. खुणा बघून नेमकेपणाने करता येईल, पण तो कोड तपासायला कठीण, आणि मिळणारा वेग आम्हाला तेवढ्या किमतीचा वाटला नाही.

निष्पत्ती

ग्राहक अनेक थ्रेडच्या मांडणीवर परतला. म्युटेक्सचा तक्ता कोडमधून पूर्ण गेला. बोर्ड आल्यावर तोच कर्नल त्याच्यावर लॉकच्या बाबतीत कुठलाही फरक न दाखवता बूट झाला.

पण मॅडमचा प्रश्न बाकी होता: मेमरीत लिहिणारं आणखी कोण आहे? उत्तर तीन महिन्यांनी मिळालं, मेमरीची टंचाई असताना एखादी प्रोसेस विनाकारण मरू लागली तेव्हा. लिहिणारा होता एम्युलेटर स्वतः. या चिपमध्ये पानावर पहिल्यांदा लिहिलं की हार्डवेअर पेज टेबलच्या (पत्त्यांच्या भाषांतराच्या तक्त्याच्या) नोंदीत डर्टी बिट, म्हणजे पान बदलल्याची खूण, लावतं. आमचा वॉकर (पेज टेबल चाळणारा कोड) ती नोंद वाचायचा, बिट लावायचा, आणि साध्या स्टोअरने पूर्ण नोंद परत लिहायचा. तेवढ्यात दुसऱ्या हार्टवरच्या कर्नलने ती नोंद काढून टाकली असेल, तर वॉकर तिला पुन्हा जिवंत करायचा. तोच आकृतिबंध, फक्त भूमिका उलट: इथे कर्नलचं लिहिणं ॲटॉमिक होतं आणि आमचं नव्हतं. आता वॉकर कम्पेअर-एक्सचेंज करतो, आणि ते फसलं तर पत्त्याचं भाषांतर अगदी मुळापासून पुन्हा करतो.

पुन्हा करायचं झालं तर

थ्रेड वेगळे करायच्या आधी, गेस्टच्या मेमरीत लिहिणाऱ्या प्रत्येक जागेची यादी मी कागदावर काढेन: साधे स्टोअर, एएमओ, एससी, पेज टेबलचा वॉकर, नेटवर्क आणि डिस्कच्या मॉडेलांचा डीएमए (उपकरणाने थेट मेमरीत लिहिणं). अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते केलं असतं तर टायमरवरचे तीन आठवडे आणि नंतरची डर्टी बिटची शोधाशोध, दोन्ही वाचलं असतं. ५.१० दोन-तीन दिवसांनी गोठायचा तेव्हाच तो जुन्या मांडणीवर आठवडाभर चालवून बघायला हवा होता. एका थ्रेडवर दोष दिसत नाही एवढं कळलं असतं तरी टायमर संशयितांच्या यादीतून खाली गेला असता.

चाचण्यांबद्दलही माझं मत बदललं. एकाच प्रकारच्या ॲटॉमिक क्रिया एकमेकींशी भिडवून फारसं काही कळत नाही. त्या नव्या मुलाने लिहिलेली एक चाचणी आता रोज रात्री एक्स८६ आणि आर्म अशा दोन्ही मशीनवर चालते. एक हार्ट एका वर्डच्या वरच्या भागात एएमओॲडने ६०,००० वेळा एक मिळवतो. दुसरा हार्ट खालच्या भागात एसएचने १ पासून ६०,००० पर्यंत आकडे लिहीत जातो, आणि पुढचा आकडा लिहिण्याआधी मागचा अजून तिथे आहे का ते बघतो. जुना म्युटेक्सवाला कोड आम्ही एका शाखेत ठेवला आहे. ही चाचणी त्याच्यावर चालवली की ती एक सेकंदही टिकत नाही.